लष्करी राजवटीतील तरुणांचे शिक्षण : म्यानमारच्या निमित्ताने

धागाकर्ती : जान्हवी_सातपूर

मंडाले हे नाव आपल्याकडे शाळेत असल्यापासून कानावर पडलेले असते, कारण लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ ही वर्षे तिथल्या तुरुंगात काढली. त्याच मंडालेतल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींपुढे आज कॉलेजात जायचे की नाही, जायचे तर कोणाच्या, आणि हातात पडलेल्या प्रमाणपत्राला पुढे कोणी दाद देणार का, असे प्रश्न उभे आहेत. त्यांची चर्चा मराठीत फारशी होताना दिसत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारच्या लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले. कोविडमुळे शाळा आधीच बंद होत्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये राजवटीने त्या उघडल्या तेव्हा वर्ग पुरेसे भरले नाहीत, कारण डॉक्टर आणि रेल्वे कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षकांनीही असहकार पुकारला होता. मे २०२१ पर्यंत सव्वा लाखाहून अधिक शालेय शिक्षक निलंबित झाल्याचे तिथल्या शिक्षक महासंघाने सांगितले होते. देशातील शालेय शिक्षकांची एकूण संख्या तेव्हा सुमारे ४ लाख ३० हजार होती, हे लक्षात घेतले म्हणजे किती वर्गांतून शिक्षक उठून गेला असेल याचा अंदाज येतो. शालान्त परीक्षेला सत्तापालटापूर्वी ९ लाखांहून अधिक मुले बसत असत. २०२२ मध्ये हा आकडा ३ लाखांच्याही आत आला.

या आकड्यांवरून लष्कराला शाळा बंद पाडायच्या होत्या असे कोणास वाटेल, परंतु माझे मत वेगळे आहे. शाळा-कॉलेजे सुरळीत चालू आहेत असे जगाला दिसावे, हे प्रत्येक लष्करी राजवटीला हवेच असते. तिला धास्ती असते ती विद्यार्थी एका ठिकाणी जमण्याची. म्हणूनच शिक्षणाची संधी मोजताना किती मुलांची नावे पटावर आहेत एवढेच पाहून भागत नाही. ती मुले एकमेकांना भेटू शकतात का, हेही पाहावे लागते.

ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, इतिहास पाहिला की ही गोष्ट स्पष्ट होते. डिसेंबर १९२० मध्ये ब्रिटिशांनी रंगून विद्यापीठ स्थापन केले. वसतिगृहात राहण्याच्या सक्तीमुळे आणि वाढत्या खर्चामुळे ते मूठभर सधन मुलांपुरते राहील, असे म्हणून विद्यार्थ्यांनी लगेच संप पुकारला. त्या संपातून गावोगाव राष्ट्रीय शाळा निघाल्या आणि त्या देशाचा राष्ट्रीय दिन आजही त्याच संपाच्या स्मरणार्थ पाळला जातो. टिळकांच्या चतुःसूत्रीत राष्ट्रीय शिक्षण का होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या घटनेचे मोल वेगळे सांगायला नको. पुढे १९३६ च्या संपातून स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी आँग सान यांच्यासारखे नेतृत्व उभे राहिले. विद्यार्थी संघाची इमारत ही त्या पिढीची खरी शाळा होती.

२ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता हाती घेतली. ७ जुलैला विद्यापीठाच्या आवारात निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विद्यार्थी संघाची ती इमारत सुरुंग लावून उडवून देण्यात आली. १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस ऊ थांट यांचे पार्थिव रंगूनला आले. सरकारने त्यांना सन्मानाने निरोप देण्याचे नाकारले, तेव्हा विद्यार्थ्यांनी ती शवपेटी उचलून त्याच उद्ध्वस्त जागेवर नेली. इमारत नाहीशी झाली तरी ती जागा कोणाची आहे हे बारा वर्षांनंतरच्या मुलांना पक्के ठाऊक होते.

१९८८ चा उठाव चहाच्या एका दुकानात, ध्वनिफितीवर कोणते गाणे लावायचे यावरून झालेल्या भांडणातून पेटला. भांडण रंगूनच्या तंत्रशिक्षण संस्थेतील मुलांचे आणि स्थानिक तरुणांचे होते. त्यात वजनदार माणसाच्या मुलाला सोडून देण्यात आले, विद्यार्थी चिडले आणि पोलिसांच्या गोळीने एकाचा बळी घेतला. त्यानंतर १९८८ ते २००० या बारा वर्षांत विद्यापीठे जेवढा काळ उघडी होती, त्याहून कितीतरी अधिक काळ बंद राहिली. प्रत्येक वर्षी शाळा संपवून नवी मुले बाहेर पडत होती आणि त्यांच्या आधीची मुले अजून पहिल्याच वर्षाची वाट पाहत होती. मधूनच विद्यापीठ उघडले की वर्षभराचा अभ्यासक्रम चार महिन्यांत उरकून परीक्षा घेतल्या जात. पुढे पदवीचे वर्ग शहराबाहेर, धड बससेवाही नसलेल्या ठिकाणी हलवले गेले. यांगोन (म्हणजे जुने रंगून) विद्यापीठाच्या जुन्या आवारात पदवीचे नियमित वर्ग पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०१३ उजाडावे लागले.

या काळात राजवटीने दूरशिक्षणाचा मोठा विस्तार केला आणि उच्च शिक्षण घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी तिकडे गेले. मी स्वतः मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यास केंद्रावर समंत्रक, म्हणजे शिकवणारी मार्गदर्शक, आहे. १९८९ साली आपल्या नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले ते शेतावर राबणाऱ्या, कारखान्यात पाळ्या करणाऱ्या, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या माणसांपर्यंत पोहोचण्यासाठी. पाठ्यपुस्तक टपालाने, गाठभेट रविवारी, परीक्षा वर्षअखेर, ही रीत वरवर पाहता दोन्हीकडे सारखीच. मात्र इथे ती कॉलेजाचे दार ज्यांना कधी दिसले नसते त्यांना आत घेण्यासाठी आहे, आणि तिथे ती आत असलेल्यांना पांगवण्यासाठी वापरली गेली. माझ्या केंद्रावर सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले कामगार तास संपल्यावरही तासभर बोलत उभे राहतात. तो तासभर हाच शिक्षणाचा गाभा आहे असे मला वाटते, आणि लष्करी राजवटीला नेमका तोच नको असतो.

जाणकारांनी भर घालावी.

देवळालीकर

जान्हवीताई, लेख काळजीपूर्वक लिहिला आहे. माझे आयुष्य तोफखान्यात गेले आणि निवृत्तीनंतर मी देवळालीतच राहतो. आपल्या जिल्ह्यात क्वचितच एखादे गाव असेल जिथला कोणी सैन्यात नाही, म्हणून एक भेद इथे नोंदवून ठेवतो. नागरी सरकारच्या आज्ञेत राहणारे सैन्य आणि सरकारच होऊन बसलेले सैन्य या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारच्या सैन्यात मी शिकलो, माझ्याबरोबरच्या अनेक जवानांनी नोकरीत असतानाच बारावी आणि पदवी पूर्ण केली.

तुमच्या मांडणीला बळ देणारी एक गोष्ट सांगतो. म्यानमारमध्ये नागरी विद्यापीठांना कुलपे लागलेली असताना लष्कराच्या स्वतःच्या संस्था मात्र चालू होत्या. प्यिन ऊ ल्विन म्हणजे जुन्या मेम्योमध्ये त्यांची प्रबोधिनी आहे. १९९२ मध्ये, म्हणजे नागरी विद्यापीठे वारंवार बंद पडत होती त्या काळात, लष्कराने आपले वेगळे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तंत्रशिक्षणाचीही तशीच सोय झाली. गणवेश घालायची तयारी असेल तर शिक्षण मिळेल, नसेल तर थांबा, असा त्याचा सरळ अर्थ होता. देशाच्या सैन्याला डॉक्टर आणि अभियंते लागतात हे मला मान्यच आहे, पण देशातील डॉक्टर होण्याची वाट फक्त छावणीतून जाऊ लागली तर त्यात सैन्याचीही अब्रू जाते, असे मी एक सैनिक म्हणून म्हणतो.

निवृत्त प्राध्यापक, निफाड

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून थोडी भर घालतो, कारण हा प्रकार एकट्या ब्रह्मदेशाचा नाही.

चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्करप्रमुख पिनोशे यांनी सत्ता घेतली आणि विद्यापीठांच्या प्रमुखपदी लष्करी अधिकारी नेमले. काही विभाग बंद झाले, प्राध्यापक हाकलले गेले. हे अपेक्षितच होते. दूरगामी परिणाम झाला तो १९८१ च्या फेररचनेचा. चिली विद्यापीठाच्या प्रांतोप्रांतीच्या शाखा तोडून वेगळ्या करण्यात आल्या, विद्यार्थ्यांकडून शुल्क घेण्याची पद्धत रुजली आणि खाजगी संस्थांना मोकळे रान मिळाले. शिक्षणाचा मूलभूत कायदा या राजवटीने १० मार्च १९९० रोजी, म्हणजे सत्ता सोडण्याच्या आदल्या दिवशी, जारी केला, आणि तो २००९ पर्यंत टिकला. २००६ मध्ये शाळकरी मुले आणि २०११ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थी रस्त्यावर आले ते याच व्यवस्थेविरुद्ध. त्यांतील बहुतेकांचा जन्म पिनोशे पायउतार होण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर झालेला होता. राजवट गेली तरी तिने लिहिलेली फी भरण्याची पावती नातवंडांच्या हाती आली.

लष्करी राजवटीखालच्या अर्जेंटिनातील ला प्लाता शहरात १६ सप्टेंबर १९७६ च्या रात्री आणि त्याच्या आगेमागे माध्यमिक शाळांतील दहा मुलांना घरांतून उचलून नेले गेले. त्यांतील सहा जण परत आलेच नाहीत. त्यांच्यापैकी अनेक जण विद्यार्थी संघटनांत होते आणि आदल्या वर्षी विद्यार्थ्यांना बसभाड्यात सवलत मिळावी म्हणून झालेल्या चळवळीत त्यांनी भाग घेतला होता. आपल्याकडे एसटीच्या पासासाठी तहसील कचेरीवर मोर्चा नेणारी मुले मी निफाडला पाहिलेली आहेत. तेवढ्याशा मागणीसाठी एकत्र आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची नावे कोणाच्या तरी यादीत चढतात, हे वर्गात शिकवताना माझा आवाज दर वर्षी जड होत असे.

पाकिस्तानात झिया-उल-हक यांनी ९ फेब्रुवारी १९८४ रोजी विद्यार्थी संघांवर बंदी घातली. झिया १९८८ मध्ये गेले, त्यानंतर कितीतरी निवडून आलेली सरकारे आली आणि गेली, तरी सिंध प्रांताला विद्यार्थी संघ पुन्हा सुरू करण्याचा कायदा करायला २०२२ उजाडले. जान्हवीताईंचा मुद्दा इथेही लागू पडतो. विद्यापीठे चालू ठेवली, संघ तेवढे मोडले.

वैशाली_सुरगाणा

सर्वांचे लेखन वाचले. मी आदिवासी भागात शिक्षिका आहे आणि एक प्रश्न विचारते, तो राग म्हणून घेऊ नये. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरच्या मुली आठवीनंतर घरी बसतात, द्राक्षांच्या हंगामात आईवडिलांबरोबर निफाड-दिंडोरीच्या बागांवर जातात आणि त्यांचे वर्ष बुडते. आपल्याकडे लष्करी राजवट नाही, तरीही हे होते. अशा वेळी दूरच्या देशाची चर्चा करताना जवळच्या मुली नजरेआड होत नाहीत ना, असे मला वाटते.

जान्हवी_सातपूर

वैशालीताई, तुमचा प्रश्न योग्यच आहे आणि त्याला वळसा घालण्याची माझी इच्छा नाही. द्राक्षबागेवर गेलेल्या मुलीचे वर्ष बुडते तेव्हा तुम्ही मुख्याध्यापकांकडे जाता, गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज देता, पालकसभेत बोलता, वर्तमानपत्राच्या वार्ताहराला पाड्यावर घेऊन जाता. पुष्कळदा उपयोग होत नाही, पण त्यासाठी तुमची नोकरी जात नाही आणि मुलीच्या बापाला पोलीस उचलत नाहीत. लष्करी राजवटीत नेमकी हीच शिडी काढून घेतली जाते. म्यानमारच्या डोंगराळ भागांतील मुलींना तुमच्या विद्यार्थिनींसारखेच दारिद्र्य आहे, हंगामी स्थलांतर आहे, घरची बोली एक आणि पुस्तकाची भाषा दुसरी हा पेचही आहे. त्यावर भर म्हणून, ही तक्रार ज्याच्याकडे करायची तोच बंदूक घेऊन उभा आहे. दोन्हींविषयी बोलायला हवे. पाड्यांविषयी तुम्ही स्वतंत्र धागा काढा, मी नक्की लिहीन.

अनुराधा_कॉलेजरोड

मी काही काळ नोकरीनिमित्त ऐजॉलला होते. सत्तापालटानंतर म्यानमारच्या चिन प्रांतातील हजारो कुटुंबे तियाउ नदी ओलांडून मिझोराममध्ये आली. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे त्यांना इथे निर्वासित म्हणून कायदेशीर दर्जा मिळत नाही. तरीही मिझोराम सरकारच्या शालेय शिक्षण विभागाने २०२१ मध्येच या मुलांना सरकारी शाळांत दाखल करून घेण्याचे आदेश दिले. मिझो आणि चिन लोकांचे नातेसंबंध जुने असल्यामुळे गावांनीही त्यांना सामावून घेतले. शाळेपर्यंतचा प्रश्न असा निदान काही प्रमाणात सुटला. शाळा संपवून आलेल्या, सतरा-अठराच्या मुलांचे मात्र हाल झाले, कारण महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा तर आधीच्या गुणपत्रिका लागतात, आणि घर जळालेले असताना गुणपत्रिका कोणी बरोबर आणत नाही.

ओळखीतून मी पुढे अशा काही मुलांना इंग्रजी शिकवू लागले. नाशिकला परतल्यावरही ते चालू आहे. त्यांतील बरीच मुले अजून म्यानमारमध्येच आहेत. आमच्या वर्गाची रीत सांगते. कोणीही कॅमेरा सुरू करत नाही आणि कोणाचेही खरे नाव मला माहीत नाही. वीज येईल त्याप्रमाणे वर्गाची वेळ बदलते. बहुधा ती रात्री उशिराची असते. इंटरनेट महाग आणि बेभरवशाचे असल्यामुळे मी धडा ध्वनिसंदेश म्हणून पाठवते, आणि मुले वहीच्या पानाचा फोटो काढून उत्तर पाठवतात. त्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात, आपली मुले नाव आणि इयत्ता लिहितात त्या जागी, फक्त एक आकडा असतो. एका मुलीने एकदा चुकून तिच्या गावाचे नाव निबंधात लिहिले. लगेच तिने तो संदेश पुसला आणि ते नाव खोडून पान पुन्हा पाठवले.

ही सावधगिरी अनाठायी नाही. २०२२ मध्ये असहकारातील शिक्षक चालवत असलेल्या एका ऑनलाइन शाळेच्या संस्थापकाला अटक झाली आणि पाठोपाठ शिक्षकांची धरपकड सुरू झाली. १ जानेवारी २०२५ रोजी आलेल्या सायबर सुरक्षा कायद्याने विनापरवाना व्हीपीएन (इंटरनेटवरील बंदी आणि पाळत चुकवण्याची सोय) सेवा चालवणाऱ्यास कैदेची तरतूद केली. हजेरीपट हा शिक्षकाचा साधा, रोजचा कागद. तो ठेवणेच धोक्याचे ठरले तर मुलाने अभ्यासक्रम पूर्ण केला हे पुढे कशावरून सिद्ध करायचे?

तन्मय_के

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे वयाने या मुलांच्या जवळचा आहे. अनुराधा मॅडम, मला एक विचारायचे आहे. जी मुले राजवटीच्या कॉलेजात परत गेली, त्यांच्याकडे बाकीची मुले कशी पाहतात? माझ्यावर अशी वेळ आली असती तर मी काय केले असते, हे मला ठरवता येत नाही.

अनुराधा_कॉलेजरोड

तन्मय, सर्वांत अवघड भाग तूच विचारलास.

सुरुवातीला, म्हणजे २०२१ मध्ये, लष्कराच्या गुलामगिरीचे शिक्षण नको अशी घोषणा सर्वत्र होती आणि शाळेत जाणे म्हणजे राजवटीला मान्यता देणे असे मानले जाई. तिकडच्या सरकारी शाळांचा गणवेश पांढरा सदरा आणि हिरवी लुंगी असा असतो. त्या दिवसांत कित्येक मुले साध्या कपड्यांत शाळेत जात, कारण गणवेशातले मूल दोन्ही बाजूंच्या नजरेत भरे. शाळांजवळ स्फोट झाले, कामावर परतलेल्या काही शिक्षकांच्या हत्याही झाल्या. त्या हत्या लष्कराने केलेल्या नव्हत्या, आणि लष्करी राजवटीविषयी लिहिताना हे वगळले तर आपण अर्धेच सांगितले असे होईल. दुसऱ्या बाजूने लष्कराने शाळांवर विमानांतून हल्ले केले. १६ सप्टेंबर २०२२ रोजी सगाइंग भागातील लेट येट कोन गावच्या मठातील शाळेवर हल्ला झाला, त्यात किमान अकरा मुले गेली. १२ मे २०२५ रोजी त्याच भागात, राजवटीच्या विरोधकांनी चालवलेल्या एका शाळेवर बॉम्ब पडले आणि वीसच्या आसपास विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्याच्या दीड महिना आधी, २८ मार्चला, मंडाले आणि सगाइंगला मोठा भूकंप होऊन गेला होता. भूकंपातून वाचलेल्या मुलांवर हे ओढवले.

त्यात १० फेब्रुवारी २०२४ रोजी सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू झाला. मुलगे १८ ते ३५, मुली १८ ते २७, मुदत दोन वर्षे. विद्यार्थ्यांना शिक्षण संपेपर्यंत सवलत असल्यामुळे काहींना कॉलेजचे ओळखपत्र हीच ढाल वाटू लागली. काहींनी थायलंड गाठले. पैसा असलेली मुले अमेरिकेची जीईडी ही समकक्षता परीक्षा देऊन थायलंडच्या विद्यापीठांत शिरली. ज्यांच्याकडे डॉलरमध्ये भरायला शुल्क नव्हते ती सीमेवरच्या माए सोट गावात कारखान्यांत आणि शेतांत कामाला लागली.

माझ्या वर्गात दोन्ही प्रकारची मुले आहेत, असे मला त्यांच्या बोलण्यावरून जाणवते. कोण कोणत्या बाजूचा, हे मी विचारत नाही. परत गेलेल्या मुलाला दोष देण्याचा अधिकार मला नाही, आणि तो तुला किंवा मलाच काय, बाहेरच्या कोणालाही नाही, असे माझे ठाम मत आहे.

निवृत्त प्राध्यापक, निफाड

अनुराधाताई, मुलांच्या बाबतीत आपल्याशी पूर्ण सहमत आहे. प्राध्यापकांच्या बाबतीत थोडा वेगळा विचार करतो. वर्गात परतलेला अठरा वर्षांचा मुलगा आणि राजवटीच्या सांगण्यावरून सहकाऱ्यांची नावे कळवणारा विभागप्रमुख यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. विद्यार्थ्याला आपण मोकळे सोडतो तेव्हा शिक्षकाची जबाबदारी उलट वाढते. ज्यांनी निलंबन पत्करले, घरे सोडली आणि तरीही रात्रीचे वर्ग चालवले, त्या शिक्षकांमुळेच पुढे कधीतरी तिथली विद्यापीठे पुन्हा उभी राहू शकतील.

देवळालीकर

सर, हे पटले. तन्मय, तुझ्या प्रश्नाचे उत्तर कोणी दुसऱ्याने द्यावे असे नाही, पण तू तो मनात ठेवला आहेस हे मला आवडले.

जान्हवी_सातपूर

चर्चा मूळ प्रश्नापाशी आणते : या मुलांना आपल्यासारख्या ठिकाणाहून काही मदत होऊ शकते का? असहकारातील प्राध्यापकांनी २०२१ पासून स्प्रिंग युनिव्हर्सिटी म्यानमार यांसारखी ऑनलाइन विद्यापीठे चालवली आहेत आणि त्यांत चांगले शिक्षण मिळते. अडते ते मान्यतेपाशी. राजवट त्या प्रमाणपत्रांना बेकायदा ठरवते आणि बाहेरची विद्यापीठे राजवटीच्या शिक्क्याचा कागद मागतात, म्हणजे दोन्हीकडून त्या राजवटीचाच शब्द शेवटचा ठरतो.

मुक्त शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांकडे यावर अनुभव आहे. आपल्या विद्यापीठाने कधी काळी बारावी नसलेल्या माणसांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला होता. त्यामागचा विचार असा होता की माणसाला काय येते ते त्याची परीक्षा घेऊन पाहावे, त्याच्याजवळ कोणता कागद नाही यावरून त्याला परत पाठवू नये. म्यानमारमधून आलेल्या मुलांसाठी हेच तत्त्व देशभर लावता येईल. गुणपत्रिका नसेल तर प्रवेशपरीक्षा, नावाने हजेरी ठेवणे धोक्याचे असेल तर पूर्ण केलेल्या कामाची वही तपासून श्रेयांक, आणि ओळखीचा तपशील विद्यापीठाबाहेर जाणार नाही याची लेखी हमी. यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पातळीवर निर्णय लागेल, पण मागणीचा मसुदा कोणीतरी आधी लिहावा लागतो.

तो मसुदा मी लिहायला घेतला आहे. प्राध्यापक सरांनी इतर देशांतील उदाहरणांचा भाग पाहावा, अनुराधाताईंनी प्रत्यक्ष अडचणींचा, आणि तन्मय, प्रवेशप्रक्रियेचे सध्याचे नियम तू गोळा करून दे. येत्या रविवारी तास संपल्यावर अभ्यास केंद्रावर बसता येईल. वैशालीताई, देवळालीकर काका, तुम्हीही या.